सज्जन व्हायला नाम लागते का?



कीर्तनाला उभे राहिले की आधी अभंग लागतो आणि मग त्याचे निरूपण. या लेखाला अभंग नाही. त्या जागी एक प्रश्न आहे, आणि तो माझ्या नातवाने मला जपानात विचारला. तो म्हणाला, "आजोबा, इथे रस्त्याने चालताना कोणी देवाचे नाव घेताना दिसत नाही. कपाळी टिळा नाही, गळ्यात माळ नाही. तरी कोणी थुंकत नाही, रांग मोडत नाही, विसरलेली पिशवी जागच्या जागी सापडते. आपल्याकडे सातशे वर्षे नामाचा गजर चालला आहे. नामाने माणूस सुधारतो असे तुम्ही जन्मभर सांगितलेत. मग हे कसे?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. हा पोरगा लहानपणी माझ्यामागे टाळ घेऊन उभा राहत असे. आता टोकियोत संगणकाची नोकरी करतो आणि तिथेही एकादशी धरतो. मी गेलो होतो सहलीला, चैत्रात, साकुराची झाडे फुलतात त्या दिवसांत. पर्यटनवाल्यांच्या घोळक्यात दहा दिवस हिंडलो आणि नातू रजा काढून बरोबर आला. कीर्तनकाराजवळ शब्दांची उणीव नसते, त्यामुळे चार दृष्टांत देऊन त्याला गप्प करणे अवघड नव्हते. पण गप्प होणे वेगळे आणि समाधान होणे वेगळे. म्हणून मी त्याला म्हटले, सहल संपेपर्यंत थांब. डोळे उघडे ठेवून पाहू, मग बोलू.

शास्त्राची रीत अशी की पूर्वपक्ष आधी नीट मांडावा. विरोधकाचे म्हणणे लंगडे करून मांडले तर उत्तराला किंमत राहत नाही. तेव्हा आधी नातवाची बाजू सांगतो.

टोकियोच्या स्टेशनात बुलेट ट्रेन येऊन थांबते. उतारू उतरले की सफाईची माणसे आत शिरतात. त्यांना मिळतात फक्त सात मिनिटे. तेवढ्यात आसने फिरवून, पुसून, खालचा केर काढून ती बाहेर येतात, ओळीत उभी राहतात आणि थांबलेल्या उतारूंना वाकून नमस्कार करतात. नमस्कार कोणाला, तर ज्यांचा केर ती आता काढणार आहेत त्यांनाच. तिथल्या शाळांतून मुले आपले वर्ग आपण झाडतात, जिने पुसतात. ती शिक्षा नसते, दिनक्रमाचाच भाग असतो. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत आणि तरी कचरा नाही. खाल्लेल्या वस्तूचा कागद घडी करून माणूस खिशात ठेवतो आणि घरी नेतो.

आमच्या घोळक्यातले एक गृहस्थ म्हणाले, "यात कसले आले सद्गुण? नुसती सवय आहे आणि लोक काय म्हणतील याची भीती." मला ते पटले नाही. सवयीला हिणवण्याचा अधिकार वारकऱ्याला तरी नाही. आपली एकादशी सवय आहे, पहाटेचे काकड्याला उठणे सवय आहे, पायी वारी ही तर पिढ्यांची सवय आहे. नेम म्हणजे तरी काय? मन जागेवर नसले तरी पाय जागेवर नेऊन ठेवणारी सवय. त्यांच्या नेमाला मी हात जोडले. आणि खरे सांगायचे तर पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या माळावर काय उरते ते मी पन्नास वर्षे पाहिले आहे. पत्रावळी, द्रोण, आता प्लास्टिकचे पेले. नातवाने प्रश्न विचारला तेव्हा तोच माळ त्याच्याही डोळ्यांसमोर असणार.

असा हा पूर्वपक्ष बळकट आहे. आता त्याला एक फाटा फुटला, तो ऐका.

मी वाटाड्याला विचारले, "कचऱ्याचे डबे का नाहीत?" त्याने सांगितलेली हकिगत अंगावर काटा आणणारी होती. २० मार्च १९९५ या दिवशी सकाळी, कामावर जाण्याच्या गर्दीच्या वेळी, टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत काही माणसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या आणि छत्रीच्या टोकाने त्या फोडल्या. आत सरीन नावाचे विष होते. डझनाहून अधिक माणसे मेली, हजारो आजारी पडली. पुन्हा कोणी डब्यात असे काही ठेवू नये म्हणून त्यानंतर ठिकठिकाणचे डबे काढून टाकण्यात आले. हे करणारे कोण? चोर नव्हेत, दरोडेखोर नव्हेत. एका पंथाचे साधक होते ते. त्या पंथाचे नाव ओम् शिनरिक्यो. होय, हा ओम् आपलाच. आपल्या योगातले, बौद्ध धर्मातले शब्द घेऊन त्यांच्या गुरूने पंथ उभा केला होता. त्यात शिकलेसवरलेले लोक होते, शास्त्रज्ञ होते, डॉक्टर होते. ध्यान करीत, मंत्र म्हणत, गुरूच्या शब्दाबाहेर जात नसत.

हे ऐकून मी बराच वेळ काही बोललो नाही. ज्या अक्षराने आपण मंत्राचा आरंभ करतो ते अक्षर पाटीवर लिहून माणसे विष ठेवायला गेली. नातवाच्या प्रश्नाला ही पुष्टीच होती. नाम नसताना सज्जनपणा असतो एवढेच नव्हे, तर मंत्र असताना दुर्जनपणाही असतो. नाम घेणाऱ्याने ही गोष्ट झाकून ठेवू नये. उजेडात ठेवून तिच्याकडे पाहावे.

पण मग शिस्त तरी पुरेशी आहे का? त्याचे उत्तर हिरोशिमात मिळाले.

तिथे नदीकाठी एका इमारतीचा सांगाडा राखून ठेवला आहे. घुमटाच्या नुसत्या लोखंडी फासळ्या वर दिसतात. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता त्या शहरावर अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे गेली, असे तिथे मानतात. संग्रहालयात एक लहान तीनचाकी सायकल आहे, जळून गंजलेली. तीन वर्षांचा मुलगा अंगणात ती खेळत होता. तो त्याच दिवशी गेला. एवढ्याशा पोराला घरापासून दूर एकटे कसे ठेवायचे, म्हणून बापाने त्याला घराच्या अंगणातच पुरले आणि सायकलही त्याच्याबरोबर ठेवली. चाळीस वर्षांनी, १९८५ साली, बापाने ते अवशेष काढून रीतसर थडग्यात ठेवले आणि सायकल संग्रहालयाला दिली.

त्या सायकलीपुढे शाळेची मुले रांगेत उभी होती. रांग अगदी सरळ होती. माझ्या मनात आले, बाँब टाकणाऱ्यांचे कामही किती नेटके असेल! विमान वेळेवर उडाले, वेळेवर पोचले, हुकूम अक्षरशः पाळला गेला. आणि बाजू एकाच देशाची घ्यायची नाही. त्याआधी १९३७ च्या डिसेंबरात चीनमधल्या नानजिंग शहरात जपानच्या सैन्याने नि:शस्त्र माणसांची कत्तल केली. तेही हुकूम पाळण्यात तरबेज असलेलेच सैन्य होते. शिस्त हे भांडे आहे, माउली. घासूनपुसून लख्ख ठेवलेले भांडे. त्यात दूध ठेवा, दूध राहील. विष ठेवा, तेही तितकेच नीट राहील. भांड्याला आत काय आहे याची चव नसते.

मग प्रश्न असा उरला. मंत्रही विष वाहून नेतो आणि शिस्तही विष वाहून नेते. तर माणसाला सज्जन करते ते काय?

याचे उत्तर मला एका मूर्तीत दिसले. पण तिथे पोचण्याआधी वाटेतल्या नाराबद्दल दोन शब्द सांगणे जरूर आहे. नारा ही जपानची जुनी राजधानी. तोदाइजी मंदिरात बुद्धाची काशाची बसलेली मूर्ती आहे, सुमारे पंधरा मीटर उंचीची. सन ७५२ मध्ये तिचे नेत्रोन्मीलन झाले. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखली म्हणजे तिच्यात प्राण आला, असा तो विधी. ते काम केले भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांना मिळावे. हे कळल्यावर आमच्यातल्या पुष्कळांची छाती फुगली. "सगळे आपल्याकडूनच गेले!" मी म्हटले, गेले हे खरे. पण ज्याच्याकडून गेले त्याने आपल्या घरात किती उरले तेही मोजावे. मला आवडली ती दोऱ्यांची गोष्ट. एकाने डोळे उघडायचे आणि बाकीच्यांनी दोरी धरायची. कीर्तनात टाळकऱ्यांचे काम याहून निराळे काय असते?

आता क्योतो. तिथे एक दुपार मोकळी होती. घोळका बाजारात गेला आणि नातू मला एका लहानशा मंदिरात घेऊन गेला. मंदिराचे नाव रोकुहारामित्सुजी. उच्चारायला अवघड, पण फोड केली की ओळखीचे निघते. रोकु म्हणजे सहा, हारामित्सु म्हणजे आपली पारमिता, जी म्हणजे मंदिर. षट्पारमितांचे मंदिर. दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान आणि प्रज्ञा या त्या सहा. क्रम पाहा. ज्ञान शेवटी आहे, आधी दान आणि शील.

तिथे कूया नावाच्या साधूची लाकडी मूर्ती आहे, साधारण चार फूट उंचीची. कूया हा दहाव्या शतकातला, ९०३ ते ९७२ हा त्याचा काळ. मूर्ती मात्र तेराव्या शतकातली, म्हणजे आपल्या माउलींच्या काळाच्या आसपासची. कोशो नावाच्या शिल्पकाराने ती घडवली. अंग कृश, आखूड वस्त्र, पायांत गवताच्या वहाणा, एक पाऊल पुढे टाकलेले. छातीवर टांगलेली झांज, हातात ती वाजवायची लहानशी काठी, दुसऱ्या हातात दंड. तोंड किंचित उघडे आहे, आणि त्या तोंडातून एका तारेवर सहा इवल्या बुद्धमूर्ती ओळीने बाहेर पडत आहेत.

या सहा मूर्ती कशाच्या, तर नामाच्या. 'नमु अमिदा बुत्सु' हे त्यांचे नाम. नमु म्हणजे आपले नमः, अमिदा म्हणजे अमिताभ, बुत्सु म्हणजे बुद्ध. ते सहा अक्षरांचे धरतात, आणि एकेका अक्षराची एकेक मूर्ती झाली आहे. हा साधू क्योतोच्या बाजारपेठेतून झांज वाजवत, नाम घेत हिंडे. लोक त्याला बाजारातला साधू म्हणत. त्याच्या मागून तीनशे वर्षांनी इप्पेन नावाचा साधू झाला, १२३९ ते १२८९ हा त्याचा काळ. तो तर गावोगाव नाचत नाम घेत असे आणि लोकांना नाचायला लावी. नामदेवराय लहान होते त्या काळात समुद्रापलीकडे हे चालले होते! कोणी कोणाकडून घेतले असे मी म्हणत नाही. तहान सगळीकडे सारखी, म्हणून पाणीही सगळीकडे लागते.

नातवाला म्हटले, "इथे नाम नाही असे म्हणत होतास ना?" तो हसला. म्हणाला, "पण आजोबा, आज रस्ते स्वच्छ आहेत ते काही या बाबामुळे नव्हेत." बरोबर आहे. ते श्रेय मी कूयाला देत नाही आणि नामालाही देत नाही. हजार वर्षांपूर्वीचे कीर्तन आणि आजची सफाई यांच्यात रेषा ओढणे हा वकिली डाव झाला असता.

पण या साधूने आणखी काय केले ते ऐका. नाम घेता घेता तो विहिरी खणायचा, रस्ते दुरुस्त करायचा, पूल बांधायचा. त्या काळी गोरगरिबांची प्रेते माळावर तशीच टाकून देत. कूया ती गोळा करी, अग्नी देई आणि त्यांच्यासाठी नाम घेई. शहरात साथ आली तेव्हा तो आजाऱ्यांना चहा पाजत फिरला, असे तिथे सांगतात. त्याच्या दंडाच्या टोकाला हरणाचे शिंग आहे. त्याची कथा अशी. डोंगरात राहताना एका हरणाचा आवाज त्याला रोज सोबत करी. शिकाऱ्याने ते मारले. कूया त्या शिकाऱ्यावर रागावला नाही. कातडे आणि शिंग तेवढे मागून घेतले. कातडे अंगावर घातले, शिंग दंडाला बसवले आणि जन्मभर बरोबर वागवले. शिकाऱ्याला पश्चात्ताप झाला. कथा अशी अशी असेल किंवा नसेल, पण शिंग मूर्तीच्या दंडावर आहे.

इथे मला नातवाच्या प्रश्नाची गाठ सुटताना दिसली. आता सिद्धांत सांगतो.

सज्जन व्हायला नाम लागतेच का? नाही. नाम न घेता चांगली वागणारी माणसे मी जपानात पाहिली आणि आपल्या गावातही पाहिली. त्यांना पाहून नामधारकाने कानकोंडे होऊ नये आणि त्यांच्यात खोट शोधण्याचीही घाई करू नये. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा समोरचा किती जप करतो हे विचारून पडत नाही. मग स्टेशनात वाकणाऱ्या त्या सफाईवाल्या बाईच्या पाया पडायला काय हरकत आहे?

पण उलटा प्रश्न विचारून पाहा. नामाला सज्जनपणा लागतो का? लागतो, आणि तो लागतोच. सज्जनपणाला नामाची गरज असो वा नसो, नामाला सज्जनपणाची गरज आहे. दयेवाचून उच्चारलेले नाम कोणीकडे जाते ते त्या भुयारी रेल्वेत दिसले. आपल्या संतांनी हे फार आधी ओळखले होते. तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा सांगते. नाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले. ही चरित्रातली कडेची शोभा नव्हे. ती काढून टाकली तर नाम हा नुसता आवाज उरतो.

मग नातू म्हणेल, "चांगले वागणेच मुख्य असेल तर नाम कशाला?" त्यालाही उत्तर आहे, आणि ते हिरोशिमाच्या त्या बापाला विचारावे लागेल. तो कोणते नाम घेई मला ठाऊक नाही. पण चाळीस वर्षे अंगणात मूल आणि सायकल पुरून जगताना नियम आणि रांग त्याला कितीशी उपयोगी पडली असेल? नीट वागण्याने जे सुधारता येते त्याच्यापलीकडे आयुष्यात पुष्कळ काही असते. मेलेले मूल परत येत नाही. केलेले पाप पुसता येत नाही. शेवटचा श्वास कोणाबरोबर वाटून घेता येत नाही. तिथे माणूस हाक मारतो. त्या हाकेला आपण नाम म्हणतो. कूयाने बेवारस प्रेतांना अग्नी दिला, ते कर्तव्य झाले. पण ज्यांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी त्याने देवाचे नाव घेतले. ते काम दुसरे कोण करणार होते?

तर दोन्ही एका माणसात हवीत. हे आपल्याकडे अगदी अलीकडेही घडले आहे. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. खराटा आधी, कीर्तन नंतर. ते दृश्य पाहिलेली वडीलधारी माणसे माझ्या तरुणपणी होती. ती सांगत, बाबा बोलायला उभे राहण्याआधीच अर्धे कीर्तन झालेले असे. क्योतोच्या त्या मंदिरात मला सारखी त्यांचीच आठवण होत होती. एकाच्या हातात झांज, दुसऱ्याच्या हातात खराटा, आणि दोघांच्या तोंडी नाम.

वाचक माउली, पन्नास वर्षे मी बोलून पोट भरले आणि बोलूनच मान मिळवला. आपल्या तोंडातून निघणारे प्रत्येक अक्षर मूर्ती होऊन लोकांना दिसू लागले तर काय काय दिसेल, हा विचार त्या साधूपुढे उभा राहिल्यावर टाळता येत नाही. हा विचार एकट्या कीर्तनकाराने करायचा नाही. टाळ हातात घेणाऱ्या प्रत्येकाने करायचा आहे.

आता आषाढी जवळ येते आहे. निर्मल वारीच्या नावाने वाटेवर तात्पुरती शौचालये उभी राहतात, स्वयंसेवक राबतात, ते चांगलेच आहे. पण दुसऱ्याने झाडणे आणि आपण झाडणे यांत फरक आहे. ज्या दिंडीत माझे जाणे-येणे आहे तिथल्या मंडळींना मी एवढेच सुचवले आहे. मुक्काम हलवताना पत्रावळी, द्रोण, पेले आपल्या हाताने गोळा करावेत, जागा झाडावी, आणि ती झाडून झाल्याशिवाय वीणा पुढे हलू नये. काहींना हे पटले, काही म्हणाले की उशीर होईल. उशीर होईलच. पंढरीचा राणा युगानुयुगे विटेवर उभा आहे. आपली जागा झाडून होईपर्यंत तो थांबेल.

रामकृष्णहरि.